विषुव, संपात आणि सण : एका समीकरणाची चिकित्सा

१

विषुवदिन आणि ऋतुसण यांच्या संबंधाविषयी मराठीत जे लेखन होते त्यात एक समीकरण वारंवार दृष्टीस पडते. वसंतसंपात म्हणजे वसंताचा आरंभ. वसंताचा आरंभ म्हणजे वर्षाचा आरंभ. वर्षाचा आरंभ म्हणजे गुढीपाडवा. सबब गुढीपाडवा हा वसंतसंपाताचा सण होय. शरत्संपाताला शारदीय नवरात्र जोडून दिले की समीकरणाची दुसरी बाजूही पुरी होते. मग इराणातील नवरोज, ख्रिस्ती लोकांचा ईस्टर, आसामातील बिहू आणि केरळातील विषू यांना एका माळेत ओवून सर्व मानवजात विषुवदिनाचाच उत्सव करीत आली आहे, असा निष्कर्ष काढण्यात येतो. पदव्युत्तर प्रबंधिकांतही हा निष्कर्ष आता गृहीतकासारखा वावरू लागला आहे. तो कितपत टिकतो हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे समीकरण सर्वस्वी खोटे आहे असे नव्हे. त्यातील दोष असा की, तीन निरनिराळ्या जातींचा पुरावा त्यात एकत्र कालवला जातो. एखादा सण विषुवाचा आहे असे म्हणताना आपण तीनपैकी एक गोष्ट म्हणत असतो. एक, सणाच्या नावात विषुव आहे. दोन, सणाचा दिवस ठरविण्याच्या नियमात विषुव आहे. तीन, सण ज्या निमित्ताने होतो ते निमित्त विषुवामुळे घडून येते. नाव, नियम आणि निमित्त या तीन कसोट्या परस्परांपासून स्वतंत्र आहेत. एकीवर उतरलेला सण दुसरीवर उतरेलच असे नाही. किंबहुना बहुधा उतरत नाही, असेच पुढील विवेचनावरून दिसून येईल.

या चिकित्सेसाठी ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदरचा परिसर विशेष सोयीचा आहे. २००२ पासून महानगरपालिका असलेल्या या शहराच्या पश्चिमेस उत्तन, डोंगरी, चौक ही जुनी गावे आहेत, उत्तरेस वसईची खाडी आहे आणि मध्ये मिठागरांचा पट्टा आहे. येथील कोळी व आगरी समाजांत हिंदूही आहेत आणि ख्रिस्तीही आहेत. उत्तनचा कोळीवाडा तर बहुतांशी ख्रिस्तीच आहे. दोघांची बोली मराठीची, समुद्र एक, पाऊस एक. भिन्न आहे ते पंचांग. भाषा व निसर्ग स्थिर ठेवून केवळ कालगणना बदलली असता सणांचे काय होते, हे पाहण्याची अशी संधी सहसा मिळत नाही.

२

प्रथम नावांचा विचार करू. 'विषुव' आणि 'संपात' हे दोन शब्द आपण पर्यायी म्हणून वापरतो. वास्तविक ते तसे नाहीत. संपात म्हणजे एकत्र येऊन पडणे, छेदणे. क्रांतिवृत्त आणि वैषुविक वृत्त जेथे परस्परांस छेदतात तो आकाशातील बिंदू म्हणजे संपात. विषुव हा काळ आहे. सूर्य त्या बिंदूवर येतो तो दिवस. बिंदू आणि दिवस यांतील हा भेद पुसला गेला की बिंदू सरकतो म्हणजे दिवसही सरकला पाहिजे, अथवा दिवस ठरलेला आहे म्हणजे बिंदूही स्थिर आहे, असे दोन्ही प्रकारचे गैरसमज उत्पन्न होतात.

'विषुवत्' या शब्दाचा इतिहास याहून उद्बोधक आहे. 'विषु' म्हणजे दोन्ही बाजूंस. त्यावरून 'विषुवत्' म्हणजे दोन्ही बाजू सारख्या असलेला, मधला. ब्राह्मणग्रंथांत गवामयन नावाच्या संवत्सरसत्राचा जो मध्यदिवस, ज्याच्या अलीकडे व पलीकडे सहा-सहा महिने असतात, त्याला विषुवत् म्हटले आहे. पुढे वेदांगज्योतिषात हाच शब्द दिवस व रात्र समान असण्याच्या काळासाठी आला आणि तोच अर्थ रूढ झाला. 'मधला' पासून 'समान' पर्यंतचा हा अर्थप्रवास स्वाभाविक आहे. परंतु तो प्रवास आहे, हे विसरता कामा नये.

लोकमान्य टिळकांच्या 'ओरायन' या १८९३ च्या ग्रंथात नेमके हेच विस्मरण झालेले दिसते. टिळकांचा युक्तिवाद थोडक्यात असा : विषुवत् म्हणजे दिनरात्रींच्या समानतेचा दिवस, तो सत्राच्या मध्यावर येतो, सत्र दक्षिणायनाच्या अखेरीस, म्हणजे हिवाळ्यात सुरू होत असते तर मध्यदिवस ऐन उन्हाळ्यात आला असता आणि त्याला विषुवत् हे नाव शोभले नसते, म्हणून वर्ष वसंतसंपातापासून सुरू होत असले पाहिजे. तर्काची मांडणी टिळकांना साजेशी बांधेसूद आहे. पण तिचा पाया उत्तरकालीन अर्थावर आहे. शब्दाचा आद्य अर्थ 'मधला' एवढाच घेतला तर सत्राचा मध्यदिवस वर्षात कोठेही येऊ शकतो आणि वर्षारंभाविषयी काहीच सिद्ध होत नाही. जे सिद्ध करावयाचे तेच शब्दार्थात आधी घालून ठेवले, असा हा प्रकार आहे. मृगशीर्षातील संपाताचा टिळकांचा सिद्धांत केवळ या एका आधारावर उभा नाही आणि याकोबी यांनीही त्याच सुमारास स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षाकडे वाटचाल केली होती, हे खरे. व्हिटने यांनी १८९४ मध्ये दोघांवरही टीका केली तीही सर्वच ठिकाणी न्याय्य होती असे नाही. आपल्याला येथे प्रयोजन आहे ते पद्धतीशी. शं. बा. दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' (१८९६) या ग्रंथात शतपथब्राह्मणातील कृत्तिकांच्या उल्लेखाचा आधार घेतला तेव्हा त्यांच्यापुढे आकाशाचे वर्णन होते : कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. त्यावरून काढलेल्या काळाबद्दल मतभेद संभवतो; पण विधान आकाशाविषयी आहे यात संशय नाही. टिळकांपुढे या ठिकाणी केवळ एक शब्द होता. वर्णनावरून अनुमान आणि शब्दावरून अनुमान यांचे वजन सारखे नसते.

आता जिवंत भाषांकडे वळू. आसामीतील 'बिहू', मलयाळमातील 'विषू', तुळूतील 'बिसु' ही नावे विषुवापासून आली, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. ओडिशात तर 'महाविषुव संक्रांती' हे नाव तत्सम रूपातच टिकले आहे. हे सर्व सण एप्रिलच्या १४ तारखेच्या आसपास येतात. म्हणजे ज्यांच्या नावात विषुव आहे ते सण विषुवानंतर सुमारे चोवीस दिवसांनी साजरे होतात! मेषसंक्रांत आणि वसंतसंपात एकत्र होते तेव्हा, आरंभबिंदू कोणता मानावा त्यानुसार इसवी सनाच्या तिसऱ्या ते सहाव्या शतकांच्या दरम्यान, ही नावे सार्थ होती. पुढे संपात मागे सरकला, सण मेषसंक्रांतीशी राहिला आणि नाव सणाबरोबर गेले. आज ते नाव म्हणजे जीवाश्म आहे. जीवाश्मावरून पूर्वी काय होते ते कळते; आज काय आहे ते कळत नाही.

मराठीत मात्र असा जीवाश्मही नाही. 'विषुववृत्त' हा भूगोलाच्या पाठ्यपुस्तकांतला शब्द. विषुवापासून झालेले सणवाचक तद्भव रूप मराठी लोकव्यवहारात आढळत नाही. संक्रांत म्हटली की मराठी माणसाच्या मनात येते ती मकरसंक्रांतच. मेषसंक्रांतीला येथे सणाचा मान नाही. 'पाडवा' हा शब्द 'प्रतिपदा' याचे रूप. त्यात तिथी आहे. ऋतू नाही, विषुव तर नाहीच. तेव्हा नावाच्या कसोटीवर मराठी सणांपैकी एकही विषुवाचा ठरत नाही.

वसंताविषयी एक खुलासा येथेच केलेला बरा. संपाताला वसंत सुरू होतो हे विधान युरोपीय संकेताचे आहे. आपल्या ज्योतिषात उत्तरायणापासून दोन महिने शिशिर आणि पुढील दोन महिने वसंत. उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस होते. म्हणजे वसंत फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, आणि संपात येतो तो वसंताच्या मध्यावर. भारत सरकारच्या राष्ट्रीय पंचांगानेही फाल्गुन व चैत्र हेच वसंताचे महिने धरले आहेत. वैदिक वाङ्मयात ऋतूंवरून पडलेली मधु, माधव ही मासनामे वेगळी आणि नक्षत्रांवरून पडलेली चैत्र, वैशाख ही वेगळी. पहिली ऋतूला बांधलेली, दुसरी ताऱ्यांना बांधलेली. मधु म्हणजे चैत्र असे आपण कोशांतून शिकतो, त्या क्षणी दोन भिन्न व्यवस्था एक होतात आणि आरंभी दिलेल्या समीकरणाला वाट मोकळी होते.

३

नियमाच्या कसोटीवर काय दिसते? गुढीपाडवा ही चैत्र शुद्ध प्रतिपदा. आणि चैत्र कोणता, तर ज्या चांद्रमासात सूर्य निरयन मेष राशीत प्रवेश करतो तो. नियमात संपाताचा उल्लेख नाही. २०१८ मध्ये पाडवा १८ मार्चला होता, २०२१ मध्ये तो १३ एप्रिलला आला. चार वर्षांच्या आत सव्वीस दिवसांचे हेलकावे खाणाऱ्या तिथीला संपातदिन म्हणता येत नाही. २०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला, म्हणजे राष्ट्रीय सौर वर्ष १९४५ च्या आरंभदिनीच आला. तो योग होता, नियम नव्हे. शारदीय नवरात्राचीही तीच कथा. २०२५ मध्ये घटस्थापना आणि शरत्संपात दोन्ही २२ सप्टेंबरला आले, त्यामुळे अनेकांना सिद्धांताचा प्रत्यय आल्यासारखे वाटले. परंतु २०२० मध्ये अधिक आश्विनामुळे घटस्थापना १७ ऑक्टोबरला झाली होती, याची आठवण त्या वेळी कोणास राहिली नाही.

या हेलकाव्यांखाली आणखी एक संथ सरक आहे. सूर्य एका ताऱ्यापासून पुन्हा त्याच ताऱ्याशी येण्यास लागणारे नाक्षत्र वर्ष ३६५.२५६४ दिवसांचे, संपातापासून संपातापर्यंतचे सायन वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे. अंतर लहानसे, पण सुमारे सत्तर वर्षांत त्याचा एक दिवस होतो. उत्तरायण डिसेंबरात होऊन गेल्यावर मकरसंक्रांत जानेवारीच्या १४-१५ तारखेस येते ती यामुळेच. आपल्या पूर्वजांना या गोष्टीची जाण नव्हती असे नाही. अयनबिंदू पूर्वी आश्लेषांच्या मध्यावर होता आणि आपल्या काळी तो तेथे नाही, हे वराहमिहिराने सहाव्या शतकातच नमूद केले आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा ऊहापोह एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या तळमळीने झाला तिचे स्मरण आज अभ्यासकांनाही फारसे राहिलेले नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले. तेच पुढे पटवर्धनी म्हणून ओळखले गेले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. धर्मशास्त्राने व्रते ऋतूंशी बांधली आहेत, तेव्हा पंचांग संपाताला धरून असले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्याच्या आधारे निरयन मान राखणारे. टिळकांचा कल रेवतीकडे. या वादाची अखेर झाली असे म्हणता येत नाही. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांगसुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र १८७९ या दिनांकाने, राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्याचे वर्ष संपाताच्या दुसऱ्या दिवशी उजाडते. नियमाच्या कसोटीवर पूर्णपणे उतरणारा हा भारतीय वर्षारंभ. पण त्या दिवशी कोणाच्या दारी गुढी उभी राहत नाही. नियम आहे, सण नाही.

आता उत्तनकडे पाहू. ईस्टरचा नियम असा : २१ मार्च रोजी वा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. येथे २१ मार्च ही तारीख वसंतविषुवाच्या जागी आहे, हे उघड आहे. किंबहुना ती तारीख विषुवावरून ढळली म्हणूनच १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी कॅलेंडरमधून दहा दिवस गाळले. ज्युलियन वर्ष ३६५.२५ दिवसांचे असल्याने सुमारे एकशे अठ्ठावीस वर्षांत एक दिवस चुकत होता. ज्या दुरुस्तीसाठी लेले-मोडक-दीक्षित झटले, त्याच जातीची ही दुरुस्ती होती.

या घटनेला स्थानिक इतिहासाचीही एक बाजू आहे. १५३४ पासून १७३९ पर्यंत वसई पोर्तुगीजांकडे होती आणि आजचे मीरा-भाईंदर ज्या साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी आहे ते बेटही त्यांच्याच ताब्यात होते. पोर्तुगालने नवी गणना १५८२ मध्येच स्वीकारली व ती त्याच्या पूर्वेकडील मुलखातही लवकरच आली. १६६८ मध्ये मुंबई इंग्रजी कंपनीकडे गेली आणि इंग्रज १७५२ पर्यंत जुन्याच गणनेवर राहिले. परिणामी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात माहीमच्या खाडीच्या एका तीरावर जी तारीख असे, तिच्याहून दहा दिवस पुढची तारीख दुसऱ्या तीरावर असे. १७०० नंतर हे अंतर अकरा दिवसांचे झाले. साष्टीतील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा ईस्टर सुधारित विषुवाला धरून होता, त्या वेळी मुंबईतील इंग्रज व्यापारी मात्र ज्युलियन गणनेच्या चुकीच्या विषुवाला धरून चालला होता.

म्हणून असे म्हणणे प्राप्त आहे की, या किनाऱ्यावरील मराठी भाषकांच्या पारंपरिक सणांपैकी ज्याच्या नियमातच वसंतविषुव अनुस्यूत आहे असा सण ईस्टर हाच होय. तथापि हेही विषुव आकाशातले नव्हे, कोष्टकातले आहे. २०१९ चे उदाहरण बोलके आहे. त्या वर्षी भारतीय प्रमाणवेळेनुसार २१ मार्चच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास संपात झाला आणि त्याच सकाळी सव्वासातच्या सुमारास पौर्णिमा पूर्ण झाली. आकाश प्रमाण मानले असते तर ईस्टर २४ मार्चला यावयास हवा होता. चर्चच्या कोष्टकाप्रमाणे ती पौर्णिमा २० मार्चची धरली गेली, म्हणून पुढची पौर्णिमा घेऊन ईस्टर २१ एप्रिलला झाला. हिंदू शेजाऱ्यांची होळी २० मार्चला होऊन गेली होती आणि हनुमान जयंतीही १९ एप्रिलला आटोपली होती.

दोन पंचांगांचे नाते यावरून ध्यानात येईल. फाल्गुनी पौर्णिमा मार्चच्या २१ तारखेनंतर आली तर ईस्टर बहुधा होळीच्या पाठोपाठ येतो : २०१६ मध्ये होळी २३ मार्चला आणि ईस्टर २७ मार्चला, २०२४ मध्ये २४ आणि ३१ मार्चला. एरवी तो हनुमान जयंतीच्या मागोमाग येतो : २०२३ मध्ये ६ आणि ९ एप्रिलला. चंद्र एकच, कोणत्या पौर्णिमेला धरावयाचे याचा निर्णय एक परंपरा विषुवाच्या तारखेवरून घेते, दुसरी ताऱ्यांवरून.

नावाने आणि नियमाने वेगळ्या दिशा धरल्याचे आणखी एक उदाहरण याच किनाऱ्यावर आहे. पारशी समाजात जमशेदी नवरोज २१ मार्चला होतो, तर शहेनशाही गणनेचे नववर्ष ऑगस्टच्या मध्यास येते; कारण त्या गणनेत वर्ष ३६५ दिवसांचे असून लीप दिवस नाही. नवरोज तोच, समाज तोच, आणि दोन तारखांत जवळजवळ पाच महिन्यांचे अंतर. नवरोज म्हणजे विषुव हे विधान एकाविषयी खरे आणि दुसऱ्याविषयी खोटे आहे.

४

राहिली निमित्ताची कसोटी. येथे आकाश सोडून जमिनीवर यावे लागते. भाईंदरचा अक्षांश सुमारे १९.३ उत्तर. या अक्षांशावर सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. उत्तर युरोपात हिवाळ्यातील अंधारातून प्रकाशाकडे होणारे संक्रमण जसे अंगावर येते तसे येथे होत नाही. वेदांगज्योतिषात मोठ्या व लहान दिवसांचे प्रमाण ३ : २ असे दिले आहे, तेही उत्तरेकडील प्रदेशाला लागू पडणारे, या किनाऱ्याला नव्हे.

मार्चच्या विषुवाच्या वेळी या परिसरात काय घडत असते? मिठागरांत हंगाम ऐन भरात असतो. खाडीचे पाणी घेतलेल्या वाफ्यांत मीठ धरत असते आणि हे काम पाऊस येईपर्यंत चालावयाचे असते. होड्या समुद्रावर जात असतात. त्या किनाऱ्याला लागावयाच्या त्या जूनमध्ये. भातखाचरे कोरडी पडलेली असतात. कोणत्याही कामाचा आरंभ वा अखेर या दिवशी होत नाही. सप्टेंबरच्या विषुवाच्या वेळी स्थिती अगदी वेगळी. पाऊस ओसरू लागलेला असतो, हळवे भात पिकत आलेले असते, मिठागरांच्या बांधांची डागडुजी दृष्टिपथात येते. खगोलशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही विषुवे समान आहेत. या किनाऱ्याच्या दृष्टीने ती समान नाहीत. शरदातील विषुवाला येथे शेजार आहे, वसंतातील विषुवाला नाही. येथील वर्षाचे खरे सांधे दोन : पाऊस येतो तो आणि पाऊस जातो तो. नारळी पौर्णिमेला कोळ्यांत जे महत्त्व आहे ते याच कारणाने. दोन विषुवांच्या दोन पारड्यांत सण तोलणारी समतोल मांडणी सुबक दिसते, परंतु ती पावसाळी किनाऱ्यावर घडलेली नाही.

ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचा 'आगेरा' हा सण या संदर्भात विशेष विचारार्ह आहे. (ईस्ट इंडियन हे नाव १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी या समाजाने घेतले, लोक मात्र उत्तर कोकणातले मूळचे रहिवासी.) ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन त्यांना धर्मगुरूंचा आशीर्वाद घेतात. कोकणातील हिंदू घरांत आश्विनी पौर्णिमेला, म्हणजे नव्याच्या पौर्णिमेला, नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात, त्याच भावनेचा हा सण. निमित्त एक : हळव्या भाताची पहिली कणसे. नियम मात्र भिन्न. आगेरा १ ते ७ ऑक्टोबर या सात दिवसांच्या बाहेर कधी जात नाही. नव्याची पौर्णिमा २०२३ मध्ये २८ ऑक्टोबरला आली, २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला. म्हणून २०२३ मध्ये दोन सणांत सत्तावीस दिवसांचे अंतर पडले आणि २०२५ मध्ये आगेरा आदल्याच दिवशी, ५ ऑक्टोबरला झाला. भात मात्र दोन्ही वर्षी पावसाच्या मानानेच पिकले.

आगेरा दर वर्षी शरत्संपातानंतर सुमारे एक ते दोन आठवड्यांनी येतो. एवढ्यावरून त्याला विषुवाचा सण म्हणण्याचा मोह होईल. तोही टाळला पाहिजे. सौर तारखेला बांधलेला कोणताही सण संपातापासून ठरावीक अंतरावरच राहणार. हे सान्निध्य गणनेने आपोआप घडविलेले आहे. सणाचे निमित्त भाताचे कणीस आहे, सूर्याचा बिंदू नव्हे.

५

आगेरा या शब्दाच्या व्युत्पत्तीकडे जाता जाता पाहणे इष्ट आहे, कारण 'ओरायन'मधील मोह येथेही दबा धरून बसला आहे. वैदिक कर्मकांडात नव्या धान्याची 'आग्रयण' नावाची इष्टी आहे. टिळकांनी ग्रीक 'ओरायन' हे नाव या आग्रयणाशी जोडले होते. परंतु ग्रीकमध्ये र च्या आधीचा ग सहसा असा लोप पावत नाही, आणि प्राचीन ग्रीक कवींत आढळणारे 'ओआरिओन' हे जुने रूपही त्या व्युत्पत्तीला अनुकूल नाही. आता आगेरा हा नवान्नाचाच सण, नाव आग्रयणासारखे. मग तोच तो, असे कोणी म्हटल्यास नवल नाही. पण ध्वनिनियम त्याच्या आड येतो. संस्कृतातील ग्र या जोडाक्षरातील र प्राकृतात टिकत नाही : ग्राम याचे गाव, ग्रंथि याची गाठ, आणि हिंदीत अग्रहायण याचे अगहन. आग्रयणापासून नियमाने आलेल्या लोकशब्दात र उरता कामा नये. आगेरा या शब्दात तो ठळक आहे. तेव्हा हा पर्याय बाद ठरतो.

लॅटिन 'आगेर' म्हणजे शेत, त्यावरून आगेरा, असे सर्वसामान्यपणे सांगण्यात येते. अर्थ जुळतो. अडचण एवढीच की या बोलीतील युरोपीय शब्द प्रायः पोर्तुगीजमधून आले आहेत आणि पोर्तुगीजमध्ये शेताचा रोजचा शब्द 'कांपु' हा आहे. त्यामुळे हा शब्द चर्चच्या लॅटिनमधून थेट आला असे मानावे लागते. याउलट संस्कृत 'आकर' पासून आलेला 'आगर' हा शब्द या मातीत खोल रुजलेला आहे : नारळी-पोफळीचे आगर, मिठाचे आगर म्हणजे मिठागर, आणि त्यावरूनच आगरी. तेथे अर्थ व प्रदेश जुळतात. मधल्या ए या स्वराची उपपत्ती मात्र द्यावी लागते. या दोहोंचा निर्णय शब्दसाम्याने होणार नाही. धर्मग्रामांच्या जुन्या नोंदींतील लिखित रूपे आणि गावोगावचे उच्चार यांवरूनच तो व्हावा लागेल. आणि निर्णय कोणताही झाला तरी सणाचे वय त्यावरून ठरणार नाही. नाव लॅटिन निघाल्याने कणसे परकी ठरत नाहीत. मराठी निघाल्याने विधी वेदकालीन होत नाही.

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष असा. विषुव हे नावाने टिकले ते आसाम, ओडिशा, केरळ येथील सणांत, आणि तेथे नियमाने सुटले. नियमाने टिकले ते ईस्टरमध्ये व राष्ट्रीय वर्षारंभात. पैकी पहिल्याच्या नावात ते नाही आणि दुसऱ्याला उत्सव नाही. निमित्त म्हणून ते या किनाऱ्यावर कोठेच नाही. गुढीपाडवा तिन्ही कसोट्यांवर विषुवाचा ठरत नाही. त्याने त्याची योग्यता उणी होत नाही. तो वर्षाचा पाडवा आहे, एवढे त्याला पुरेसे आहे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. पंचांगसुधारणेचा प्रश्न पुन्हा जेव्हा उपस्थित होतो तेव्हा 'हा सण मुळात संपाताचा' या विधानाच्या बळावर तो हलवावा असे एक पक्ष म्हणतो आणि त्याच विधानाच्या बळावर तो आहे तेथेच योग्य आहे असे दुसरा. दोघांनीही नावाचा पुरावा नियमासाठी आणि निमित्ताचा पुरावा नावासाठी वापरलेला असतो. दीक्षितांची भूमिका आजही आदरणीय वाटते ती यामुळे की, त्यांनी व्रते ऋतूंशी बांधलेली असावीत हे आपले मत उघडपणे मत म्हणूनच मांडले आणि गणित गणिताच्या जागी ठेवले.

संशोधकांना एक सूचना करावीशी वाटते. सणांवर प्रबंधिका लिहिताना प्रत्येक सणापुढे तीन रकाने आखावेत : नाव कशाचे, नियम कशाचा, निमित्त कशाचे. रकाने भरताना ग्रंथांइतकाच बोलीचाही आधार घ्यावा. मीरा-भाईंदरच्या पश्चिम भागातील भातखाचरे इमारतींखाली जात आहेत आणि मिठागरे आटत आहेत. खाचर, बांध, हळवे-गरवे भात, वाफे यांच्या शब्दांबरोबर सणांच्या निमित्तांची साक्षही नाहीशी होत आहे. संपात सत्तर वर्षांत एक दिवस सरकतो. तो कोठे जाणार नाही, कोणत्याही शतकात त्याचे गणित पुन्हा करता येईल. शब्दांचे तसे नाही. हे काम एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतले तरी प्रस्तुत चिकित्सेचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.